लाख बांगडी कुठल्या रकान्यात मांडायची?

अबोली (१६ डिसेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. फोंड्याकडच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी इतिहास शिकवते. गोवा मुक्तिदिनाला (१९ डिसेंबर) आमच्याकडे मुलांचं प्रदर्शन असतं. यंदा अकरावीतल्या एकाने विषय घेतला, 'जगातली युद्धं आणि आपली लढाई'. आलेख काढतो म्हणाला. मी हो म्हटलं आणि तिथेच फसले.

दुसऱ्या महायुद्धात पाच कोटी माणसं मेली असं त्याने धरलं (हा आकडा हात आखडून धरलेला आहे, पण असो) आणि त्यांना एक मीटरची पट्टी दिली. मग गोव्याकडे वळला. पोर्तुगिजांकडून गोवा मुक्त करणाऱ्या डिसेंबर १९६१ च्या 'ऑपरेशन विजय'मध्ये भारताचे २२ आणि पोर्तुगालचे ३० सैनिक पडले, असे आकडे बहुतेक ठिकाणी मिळतात. एकूण ५२. त्याच मापाने यांची पट्टी किती? एका मिलिमीटरचा हजारावा भाग. पोराने पेन्सिलीला टोक काढून एक टिंब दिलं आणि मला म्हणतो, "मॅडम, हे टिंबसुद्धा दोन-तीनशे पट मोठं झालंय."

मी हसले, पण घरी येईपर्यंत ते टिंब डोक्यातून जाईना. माझी आजी बाणस्तारीची. पोर्तुगिजांनी माघार घेताना तिथला पूल उडवला. चुलीवरची पेज हिंदकळून निखाऱ्यांवर सांडली, हे ती मरेपर्यंत सांगायची. आजोबा पलीकडे अडकले होते. ते होडीने परत येईपर्यंत ती उंबऱ्यावरून उठली नाही. त्या ५२ जणांतला एकही तिच्या ओळखीचा नव्हता. तिची लढाई म्हणजे तो पूल आणि ती पेज, आणि या आलेखात त्याला जागाच नाही.

मग वाचायला घेतलं. युद्ध मोजणाऱ्यांच्या दोन मोठ्या खातेवह्या आहेत. एक अमेरिकेतली, 'कोरिलेट्स ऑफ वॉर'. मिशिगन विद्यापीठात जे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये ती सुरू केली. लढाईत हजार माणसं मेली तर ते युद्ध, हा तिचा उंबरठा. दुसरी स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाची. तिथे एका वर्षात लढाईत २५ मेले की 'सशस्त्र संघर्ष' म्हणून नोंद होते आणि हजार झाले की त्याला युद्ध म्हणतात. म्हणजे आपली लढाई पंचवीसचा उंबरठा ओलांडते, पण हजाराच्या दारात तिला उभंही करत नाहीत. ती 'युद्ध' नव्हती! हे मी १९ तारखेला शाळेच्या अंगणात कोणत्या तोंडाने सांगू?

आपल्याकडे हे मोजमाप कसं करायचे? पानिपतच्या बातमीचा तो सांकेतिक निरोप सगळ्यांना पाठ आहे: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. परवा पहिल्यांदाच मी तो जमाखर्च म्हणून वाचला. विश्वासराव आणि भाऊ मोत्यांच्या रकान्यात, सरदार मोहरांच्या, आणि बाकीच्यांसाठी रकाना आहे पण त्यात आकडा नाही. लोकांनी मात्र दुसराच हिशेब ठेवला: लाख बांगडी फुटली. तो मेलेल्यांचा नाही, मागे राहिलेल्यांचा.

तर विचारायचं आहे ते हे. एखादा संघर्ष दुसऱ्यापेक्षा भारी, हे ठरवायचं कशावरून? आणि माझ्या पोराने कागदावर काढायचं काय? तीन दिवस हातात आहेत.

सुशेगाद (रात्री १०:०५)

बाय, त्याला सांग टिंबाभोवती लाल गोल काढून बाण दाखव आणि लिही 'येथे गोवा'. जगाच्या नकाशात आपण हेच करतो.

मांडवीपल्याड (रात्री १०:५२)

अबोलीताई, हा पेच शंभरेक वर्षांपूर्वी एका इंग्रजाला पडला होता. लुईस फ्राय रिचर्डसन. पंथाने क्वेकर, म्हणून पहिल्या महायुद्धात शस्त्र न धरता फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. मूळचा हवामानशास्त्रज्ञ. भूकंप मोजतात तशी भांडणं मोजायची असं त्याने ठरवलं. मृतांची संख्या दहाचा कितवा घात, तेवढी त्या भांडणाची 'प्रत'. एक खून झाला तर प्रत शून्य, हजार मेले तर ३, एक कोटी मेले तर ७. त्याच्या यादीत सातच्या घरात दोनच नोंदी होत्या, दोन महायुद्धं. एका माणसाच्या खुनापासून महायुद्धापर्यंत सगळं एकाच पट्टीवर बसवण्याचं धाडस मला अजून थक्क करतं.

आता तुमचा कागद. एका प्रतीला दहा सेंटीमीटर द्या. पाच कोटी म्हणजे ७.७, पट्टी ७७ सेंटीमीटर. कलिंगमध्ये अशोकाच्या शिलालेखाप्रमाणे लाख मारले गेले, ५० सेंटीमीटर. कारगिलचे आपले ५२७ जवान, २७ सेंटीमीटर. आणि गोव्याचे ५२ म्हणजे १.७, १७ सेंटीमीटर. दिसेल की नाही?

अबोली (१७ डिसेंबर, दुपारी १:२०)

मधल्या सुट्टीत दाखवलं. पोरगं पाच मिनिटं खूश होतं. मग पट्टीने मोजून विचारतं, "मॅडम, सत्त्याहत्तर भागिले सतरा म्हणजे साडेचार. दुसरं महायुद्ध गोव्याच्या साडेचारपटच?"

मांडवीपल्याड, याला काय सांगू?

मांडवीपल्याड (दुपारी १:४१)

त्याला माझ्यातर्फे एक ढवळीचा वडा द्या. मोठमोठ्या माणसांना हे लक्षात येत नाही. आलेखाच्या कडेला ठळक अक्षरांत लिहायला लावा: दर दहा सेंटीमीटरला दहापट. तरीही डोळा फसणारच. साध्या पट्टीत लहान युद्धं दिसेनाशी होतात आणि घाताच्या पट्टीत मोठी युद्धं माणसाळतात. तिसरी पट्टी मला ठाऊक नाही.

यातून आणखी एक गोष्ट कळते. बहुतेक युद्धं लहान असतात आणि एखादंच सगळा हिशेब गिळून टाकतं. म्हणून 'हल्ली युद्धं कमी झालीत' असं सरासरीवरून म्हणणं जोखमीचं. १९४५ नंतरची शांतता खरोखर नवी आहे की नुसती मोठ्या युद्धांमधली लांब फट आहे, यावर सांख्यिकीवाल्यांत अजून जुंपते. आरन क्लॉसेट यांनी २०१८ मध्ये गणित मांडलं की ती आणखी शंभर ते एकशेचाळीस वर्षं टिकली तरच 'काहीतरी बदललं' असं खात्रीने म्हणता येईल.

निवृत्त नायक (दुपारी ३:१५)

मॅडम, नमस्कार. मी फौजेत सतरा वर्षं काढली. आता डिचोलीला असतो.

मेलेल्यांवरून लढाईची तीव्रता काढू नका, एवढंच सांगायला आलो. जखमी कुठे आहेत? १९६१ ला आपले २२ गेले आणि ५४ जखमी झाले. कारगिलला ५२७ गेले, १३६३ जखमी. दोन्हीकडे भागाकार करून बघा. एका मृतामागे अडीच जखमी. मधे अडतीस वर्षं गेली, तरी प्रमाण तेच. कारगिलला उंची अशी होती की जखमीला खाली आणेपर्यंतच वेळ जायचा. आता इराकमधले अमेरिकी सैनिक घ्या. साधारण ४,४०० मेले आणि ३२,००० जखमी. एकामागे सात. हेलिकॉप्टर वेळेत पोचलं, रक्त थांबवायचा पट्टा प्रत्येकाच्या खिशात होता, म्हणून ते वाचले. गोळ्या काही कमी लागल्या नव्हत्या. नुसते मृत मोजले तर डॉक्टरने केलेली कामगिरी युद्धाच्या खात्यात जमा होते आणि युद्ध सौम्य वाटायला लागतं.

एक पाय गेलेला माझा मित्र कुठल्याच यादीत 'मृत' नाही. तो कसा जगतो हे मी बघतो.

अबोली (दुपारी ३:३०)

काका, हे मला सुचलंच नव्हतं. जखमींचा रकाना घातला. आणि तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

पेडणेकार (सायंकाळी ६:१०)

५२ वर एवढी चर्चा चालली आहे म्हणून आमच्या पत्रादेवीची आठवण करून देतो. १५ ऑगस्ट १९५५ ला हातात झेंडा घेऊन नि:शस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडून आत शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. त्या दिवशी निरनिराळ्या ठिकाणी मिळून वीसहून अधिक गेले. पंजाबातून आलेला कर्नैल सिंग पत्रादेवीला पडला. स्मारक रस्त्यालगतच आहे, लोक गाडी न थांबवता पुढे जातात, ते सोडा.

ही माणसं तुमच्या १९६१ च्या ५२ मध्ये नाहीत, कारण वर्ष वेगळं. 'लढाईतले मृत' या शीर्षकाखाली नाहीत, कारण त्यांच्या हातात बंदूक नव्हती. आणि अस्नोड्याचा बाळा राया मापारी? तो त्याच वर्षी फेब्रुवारीत पोलिसांच्या कोठडीत छळाने गेला. त्याला मुक्तिलढ्याचा पहिला हुतात्मा म्हणतात. कोठडीतला मृत्यू कुठल्या खात्यात?

मांडवीपल्याड (सायंकाळी ६:४८)

रास्त प्रश्न. उप्सालावाल्यांनी यासाठी तीन वेगळ्या वह्या केल्या आहेत. ज्यात निदान एका बाजूला सरकार आहे तो संघर्ष, दोन बिगरसरकारी टोळ्यांतला संघर्ष, आणि 'एकतर्फी हिंसा', म्हणजे सरकारने किंवा संघटित गटाने नि:शस्त्रांना ठरवून मारणं. पत्रादेवी तिसऱ्या प्रकारची. पण तिथेही उंबरठा वर्षाला २५ चाच, आणि ती वही सुरू होते १९८९ पासून. तेव्हा आपले सत्याग्रही तिच्यात सापडणार नाहीत.

उंबरठे ठेवणाऱ्यांना दोष देत नाही. कुठेतरी रेघ मारल्याशिवाय दोनशे देशांची नोंद एकसारखी ठेवता येत नाही. पण रेघेखाली राहिलं ते किरकोळ होतं, असं कुणी म्हणू लागलं की माझं डोकं फिरतं.

खरंतेच (रात्री ८:२०)

सगळे आकडे राजकारणी आहेत. १९७१ च्या बांगलादेशाचं घ्या. ढाका म्हणतं तीस लाख, पाकिस्तानचा हमूदुर रहमान आयोग म्हणतो २६,०००. शंभरपटीहून जास्त फरक! तुमच्या त्या घाताच्या पट्टीवरसुद्धा वीस सेंटीमीटरचा. मोजण्याचं नाटक कशाला?

खाजनवाला (रात्री ९:३५)

खरंतेच, नाटक का करायचं ते माशांवरून सांगतो. मी मत्स्यशेतीच्या कामात आहे.

खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मासे किती, हे पाणी उपसल्याशिवाय कसं सांगायचं? आम्ही पाग (फेकायचं जाळं) टाकतो. समजा साठ शेवटे मासे मिळाले. प्रत्येकाच्या शेपटीच्या पराला बारीक कात्री लावून सोडून देतो. मानशीची (पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेची) दारं बंद, म्हणजे बाहेर जायला वाट नाही. चार दिवसांनी पुन्हा पाग. आता पन्नास मिळाले आणि त्यांतले वीस कात्री लागलेले निघाले. पन्नासात वीस म्हणजे पाचात दोन. तर माझे साठ हे एकूण माशांच्या पाचात दोन असले पाहिजेत. एकूण दीडशे. जे मासे मी कधी पाहिले नाहीत, त्यांचीही संख्या कळली.

मेलेल्यांच्या याद्यांना हेच लावतात. पाग म्हणजे यादी. एक चर्चने केलेली, एक मानवाधिकारवाल्यांची, एक सरकारची. एकच नाव किती याद्यांत आलं ते बघतात. पेरूतल्या यादवी हिंसेची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाकडे नावानिशी सुमारे २४,००० मृत होते. २००३ मध्ये याद्यांची अशी जुळवणी करून त्यांनी अंदाज दिला ६९,२८०, आणि सोबत वरची-खालची मर्यादा, साधारण ६१ ते ७७ हजार. सर्वांत जास्त मेले ते डोंगरातले केचुआ बोलणारे शेतकरी, ज्यांच्याबद्दल राजधानी लिमाच्या लोकांना पत्ताच नव्हता. तुमचा खुर्दा, अबोलीताई. त्याची गणती अशी होते.

आता पद्धतीतली खोट सांगतो, कारण धंद्यात ती रोज भोगतो. जो मासा एकदा पागात येतो तोच काठाशी घुटमळणारा असला तर पुन्हा तोच येतो. खुणेचे जास्त दिसतात आणि एकूण अंदाज कमी निघतो. याद्यांचंही तसंच. रस्त्यालगतच्या गावातला मेलेला सगळ्या याद्यांत, आडरानातला एकाही नाही. शिवाय मानस गळकी असली तर सगळाच हिशेब वाहून जातो. पेरूच्या आकड्यावर पुढे वाद झालाच. २०१९ मध्ये एका अर्थतज्ज्ञाने तीच माहिती वेगळ्या रीतीने मांडून ४८,००० काढले. पण वाद कशावर घालायचा हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, कारण पाग कुठे कसा टाकला ते लिहून ठेवलेलं होतं. तीस लाख आणि सव्वीस हजार यांच्यामागे असं काय लिहिलेलं आहे, दाखवा.

खरंतेच (रात्री ९:५०)

माशांचं पटलं. पण आकडा खाली आला की तुमच्यातलेच लोक गद्दार म्हणतात, त्याचं काय?

खाजनवाला (रात्री १०:०२)

म्हणतात. १९९० च्या दशकातल्या बोस्नियाच्या युद्धात दोन लाख मेले असं जग धरून चाललं होतं. साराजेव्होतल्या संशोधन केंद्राने वर्षानुवर्षं एकेक नाव गोळा केलं आणि २००७ मध्ये ९७,२०७ नावांची नोंद जाहीर केली. आकडा निम्म्यावर आला म्हणून शिव्या खाल्ल्या. पण आता प्रत्येक नावाला गाव, वय, तारीख आहे. 'हे घडलंच नाही' म्हणणाऱ्याच्या हातात ती यादी ठेवता येते.

दारोदार (१८ डिसेंबर, सकाळी ७:१५)

रात्रपाळी संपवून वाचतेय. आरोग्य सर्वेक्षणासाठी मी घरोघर फिरलेली आहे, म्हणून तिसरी रीत सांगते.

लॉटरी काढून वाड्या निवडायच्या, प्रत्येक वाडीतली काही घरं, आणि दारात बसून विचारायचं, "गेल्या अमुक वर्षांत घरात कोण गेलं?" युद्धाच्या आधीचा मृत्युदर आणि नंतरचा, यांतला फरक म्हणजे 'जास्तीचे मृत्यू'. यात गोळीने मेलेला येतो, तशीच दवाखाना बंद पडला म्हणून बाळंतपणात गेलेलीही येते. काँगोत १९९८ ते २००७ या काळात अशा रीतीने ५४ लाख जास्तीचे मृत्यू काढले गेले. बहुतांश ताप, जुलाब, कुपोषणाने. बंदुकीची गोळी फार थोड्यांना लागली.

पण 'आधीचा दर' किती धरायचा, इथे सगळं अडतं. तो थोडा कमी धरला की युद्धाचे बळी लाखांनी फुगतात. काँगोच्या आकड्यावर नेमका हाच आक्षेप आला. इराकमध्येही मार्च २००३ ते जून-जुलै २००६ एवढ्याच काळासाठी एका पाहणीने साडेसहा लाख जास्तीचे मृत्यू सांगितले आणि दुसऱ्या, कितीतरी जास्त घरं फिरलेल्या पाहणीने हिंसेचे दीड लाख. दोन्ही पाहण्या घरोघर फिरून केलेल्या. पहिल्या आकड्यात सगळे मृत्यू, दुसऱ्यात फक्त हिंसेचे, हा फरक बातम्यांत कुणी सांगत नाही. तो सांगितला तरी दरी पुरती बुजत नाही, हेही खरं.

दारात बसल्यावर काय होतं ते सांगते. "कोण गेलं?" विचारलं की बाई आधी सासऱ्याचं सांगते, मग दिराचं. तान्हं मूल गेलेलं ती सांगतच नाही. पाणी आणायला उठते, परत येते आणि तुम्ही वही मिटत असता तेव्हा हळूच म्हणते, "एक पोर होतं." घाईतली पाहणी ते पोर लिहीत नाही.

सुशेगाद (सकाळी ८:३०)

इथे मी विनोद करणार होतो. राहू दे.

अवांतर: दरडोई काढलं तर? तेव्हा गोव्याची वस्ती सहा लाखांच्या आसपास होती.

निवृत्त नायक (सकाळी ९:०५)

कुणाच्या दरडोई? पडलेले जवान गोव्याचे नव्हते. अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण गेले. वास्कोला 'आयएनएस गोमंतक'वर त्यांचं स्मारक आहे. सातही घरं गोव्याबाहेरची. त्यांना गोव्याच्या वस्तीने भागून काय मिळणार? आणि भारताच्या वस्तीने भागलं तर पुन्हा टिंब.

मांडवीपल्याड (सकाळी ११:२०)

एक भर घालतो. 'अॅक्लेड' नावाची संस्था आहे, ती आता नुसत्या मृतांवर थांबत नाही. किती मेले, सामान्य लोकांना धोका किती, हिंसा किती भूभागात पसरली आणि किती सशस्त्र गट आहेत, अशा चार कसोट्या एकत्र करून देशांची क्रमवारी लावते. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संघर्ष-संशोधन संस्थेचे लोक संघर्षाच्या पाच पायऱ्या मानतात. त्यात शस्त्रं, लढणारे, मृत, निर्वासित आणि नासधूस हे सगळं बघतात. बाणस्तारीचा पूल बसलाच तर या 'नासधूस'मध्ये बसेल.

अबोली (१८ डिसेंबर, रात्री १०:१५)

मांडवीपल्याड, चार कसोट्यांचा एक आकडा म्हटलं की मला आमचं निकालपत्र आठवतं. गणितात नव्वद आणि मराठीत तीस मिळवणारा, आणि दोन्हीत साठ मिळवणारा, टक्के दोघांचे सारखे. पालकसभेत त्या टक्क्यांवर कुणाशीच काही बोलता येत नाही, विषयवार गुण काढावेच लागतात. म्हणून बेरीज टाळली.

कलिंग युद्धाबद्दलचा अशोकाचा शिलालेख पुन्हा काढून वाचला. देवानांप्रियाने (म्हणजे अशोकानेच) तिथे तीन वेगळी वाक्यं लिहिलीत: दीड लाख लोक धरून नेले, एक लाख मारले गेले आणि त्याच्या कितीतरी पट मेले. विस्थापित, लढाईतले मृत आणि दारोदारताईंचे 'जास्तीचे'. आणि पुढे, ज्यांना स्वतःला काही झालं नाही पण ज्यांचे आप्त संकटात पडले त्यांच्याही दुःखाची नोंद आहे. आकडे त्याचे किती खरे ते देव जाणे, सगळेच गोल आहेत. पण रकाने पाडलेत ते जिंकलेल्या राजाने, स्वतःच्या दरबारी हिशेबात.

तर पोराने शेवटी असं केलं. घाताच्या पट्टीचा आलेख ठेवला. कडेला 'दर दहा सेंटीमीटरला दहापट' लाल शाईत, आणि ज्या युद्धांचे अंदाज जुळत नाहीत तिथे पट्टीच्या टोकाला कमी-जास्तची मिशी. बांगलादेशाची मिशी बघून सगळा वर्ग हसला. खाली तक्ता: मृत, जखमी, कैदी, विस्थापित, नासधूस. गोव्याच्या ओळीत ५२, दोन्हीकडचे मिळून १११ जखमी, साडेचार हजारांहून अधिक पोर्तुगीज कैदी (त्यांचा एक तळ आमच्या फोंड्यातच होता, हे कळल्यावर पोरगं उडालंच), आणि नासधुशीत 'बाणस्तारी पूल, बोरी पूल'. कैद्यांच्या रकान्यात गोवा पहिल्यांदाच टिंबापेक्षा मोठा दिसला. पत्रादेवी आणि बाळा मापारी यांची स्वतंत्र ओळ, शेरा 'वरील मापात न बसणारे'. हा शेरा त्याचाच, मी सुचवला नाही.

शेवटच्या रकान्याला शीर्षक काय द्यायचं यावर आमचं अडलं. त्याने 'बांगड्या' असं लिहिलंय. एका सहकाऱ्याला ते शाळेत शोभत नाही असं वाटतं. मला वाटतं, राहू दे. तो रकाना सगळ्या ओळींत कोरा आहे.

बाकी एक गोष्ट आपल्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही. बाजारातला चार्टपेपर सत्तर-एकाहत्तर सेंटीमीटरचा असतो आणि महायुद्धाची पट्टी निघाली ७७ ची. आत्ता घरी बसून वर दुसऱ्या कागदाचा तुकडा चिकटवतेय. सकाळी साडेसातला ध्वजवंदन आहे. डिंक वाळेल ना तोवर?

सुशेगाद (रात्री १०:२२)

पंख्याखाली ठेव. आणि घडी घालू नकोस, गुंडाळून ने.